हापूस संपल्यावर रंबुतान, मँगोस्टीन विकायचं म्हणता, तर आधी दिवस मोजा

प्रश्न असा आहे: पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत सोसायट्यांमधून हापूस विकतो, दोन-अडीचशे घरांचं गिऱ्हाईक बांधलेलं आहे. जूननंतर हात रिकामे राहतात. रंबुतान, मँगोस्टीन, ड्रॅगन फ्रूट, अॅव्होकॅडो असा माल सुरू करावा म्हणतो. माल कुठून घ्यायचा, कसा पारखायचा, किती दिवस टिकतो, भाव कसा काढायचा?

गिऱ्हाईक तयार आहे ही अर्धी लढाई झाली. उरलेल्या अर्ध्या लढाईत हापूसची सवयच आडवी येते. आंबा कच्चा आणायचा, पेंढ्यात अढी घालायची, पिकेल तसा काढायचा. माल दोन दिवस उशिरा आला तरी बिघडत नाही, उलट तयार होऊन येतो. ही सवय रंबुतानला लावली की पेटी गेलीच. म्हणून माल कुठला हे नंतर ठरवा, आधी प्रत्येक फळाचे दोन प्रश्न सोडवा: हे झाडावरून तोडल्यावर पिकतं का, आणि तोडल्यापासून गिऱ्हाइकाच्या घरी जाईपर्यंत त्याच्याकडे किती दिवस आहेत?

रंबुतान, लोंगान (लिचीसारखं छोटं फळ), ड्रॅगन फ्रूट आणि करमळ (स्टार फ्रूट) ही तोडल्यावर पिकत नाहीत. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. पुढे फक्त पाणी उडतं आणि फळ म्हातारं होतं. मँगोस्टीन, अॅव्होकॅडो, ड्युरियन, पॅशन फ्रूट ही तोडल्यावर पुढे पिकतात, म्हणजे त्यांच्यात तुम्हाला थोडी सवड मिळते. पहिल्या गटातला माल फक्त आगाऊ नोंदणीवर आणायचा. दुसऱ्या गटातला थोडा जास्तीचा ठेवला तरी चालतो. ही एक रेघ मनाशी पक्की मारली तर पहिल्या हंगामातलं निम्मं नुकसान वाचतं.

आता माल. सुरुवात वाशीच्या फळबाजारातून किंवा गुलटेकडी मार्केट यार्डातून करावी. भाव जास्त पडेल, पण पेटी फोडून बघता येते आणि दहा-वीस किलोही मिळतात. तिथला बराच मँगोस्टीन, लोंगान आणि ड्युरियन थायलंडचा असतो. थायलंडमध्ये पूर्वेकडच्या चंथाबुरी भागाचा मँगोस्टीन साधारण मे-जूनमध्ये आणि दक्षिणेचा त्यानंतर येतो. परदेशी माल स्वतः आयात करण्याच्या फंदात आत्ता पडू नका. आयात परवाना, त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, न्हावाशेवाला किंवा विमानतळावर क्वारंटाइनची तपासणी, आणि त्यात गेलेला एकेक दिवस हे सगळं कंटेनरभर माल घेणाऱ्यालाच परवडतं.

दोन-तीन खेपा विकून अंदाज आला की केरळकडे वळा. रंबुतान कोट्टायम, पत्तनमतिट्टा आणि एर्नाकुलम जिल्ह्यांतून जून ते सप्टेंबर या काळात येतो. बहुतेक झाडं घरांच्या परसात किंवा रबराच्या मळ्यांच्या कडेला असतात. व्यापारी झाडंच्या झाडं बोलीवर घेतात, जाळी टाकून राखतात आणि टप्प्याटप्प्याने तोडतात, आपल्याकडे बाग फळावर देतात तसंच. मागताना जातीचं नाव घ्या. ‘एन-१८’ ही तिथली सर्वांत चालती जात, कारण तिचा गर जाड असतो आणि बीपासून सुटून येतो. बियांपासून वाढलेल्या झाडाचं फळ दिसायला तसंच लाल असतं, पण खाताना गराबरोबर बीचं लाकडासारखं साल दातांत येतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागत नाही. कर्नाटकातल्या कोडगूतही (कूर्ग) रंबुतान होतो. तिथला हंगाम केरळच्या मागून येतो, म्हणून सप्टेंबरनंतर मागणी उरली तर तिकडे विचारा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या चेट्टळ्ळी केंद्राने ‘अर्का कूर्ग अरुण’ ही लाल आणि ‘अर्का कूर्ग पीताभ’ ही पिवळी जात दिली आहे. पिवळी चवीला कमी नाही, पण पुण्यात ती ‘कच्ची’ म्हणून परत येईल. फोटो आणि खुलासा आधी पाठवल्याशिवाय आणू नका.

मँगोस्टीनसाठी त्रिशूर जिल्ह्यात चालकुडी नदीकाठचं परियारम आणि तामिळनाडूत निलगिरीच्या पायथ्याचं कल्लार-बर्लियार, तसंच दक्षिणेकडचं कुट्रालम ही जुनी ठिकाणं. केरळच्या सखल भागाचा बहर मे-जुलैत, डोंगरातला त्याच्या मागून. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या काही बागांतही आता दोन्ही फळं धरतात. माल थोडा असतो, पण सकाळी तोडलेला रात्रीच्या गाडीने दुसऱ्या दिवशी पुण्यात पोचतो. त्या भागातून हापूस घेत असाल तर तुमच्या बागायतदाराला विचारून ठेवाच.

व्यापाऱ्याशी बोलताना ‘माल कधी पाठवता’ असं विचारू नका, ‘तोडणी कधी’ असं विचारा. रंबुतानच्या बाबतीत तोडणी आणि गाडी यांत एक रात्र गेली तरी फरक दिसतो. पेटी बंद करण्यापूर्वीचा फोटो मागवा, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणि काट्यावरचं वजन दिसलं पाहिजे. तूट कोणाची, हे पैसे पाठवण्यापूर्वी ठरवा. वाटेत रंबुतानचं पाणी उडतं, दहा किलोची पेटी साडेनऊच भरली तर त्यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. एक तर पोच-वजनावर पैसे, नाहीतर प्रत्येक दहा किलोला अर्धा किलो वरून. दोन्हीपैकी काहीच न ठरवता व्यवहार केला की पहिल्याच पट्टीवर, म्हणजे हिशोबाच्या कागदावर, भांडण.

वाहतुकीत पावसाळा धरून चाला. कोकण रेल्वेच्या गाड्या या दिवसांत पावसाळी वेळापत्रकाने, म्हणजे हळू धावतात. घाटात दरड आली की बसपार्सलही अडकतं. जुलैत शनिवारच्या विक्रीसाठी शुक्रवारी सकाळी माल हातात पडेल असं बघा, एक दिवस खिशात ठेवा.

बांधणीत दोन्ही फळांचे स्वभाव उलटे आहेत. रंबुतानला पाणी उडण्याची भीती. त्याच्या सालीवरच्या केसांमुळे हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, म्हणून केस आधी सुकतात. उघड्या टोपलीत दोन-तीन दिवसांत ते तपकिरी पडतात, आतला गर चांगला असूनही फळ मेल्यासारखं दिसतं. क्रेटला आतून भोकं पाडलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, पाच-सात किलोवर भरायचं नाही. १० ते १२ अंश तापमान आणि भरपूर दमट हवा मिळाली तर दोन आठवड्यांच्या आसपास टिकतो. साध्या खोलीत तीन दिवस धरा. ताजेपणासाठी वरून पाणी मारू नका, केसांत पाणी अडकून बुरशी धरते. क्रेटवर ओलं गोणपाट टाका, पण ते फळाला टेकू देऊ नका. आणि पेंढा अजिबात नको, तो फळातलंच पाणी ओढून घेतो.

मँगोस्टीनला भीती आपटण्याची. दिसायला दणकट, जाड सालीचं फळ, म्हणून हमाल पेटी टाकतो तशी टाकतो. वीतभर उंचीवरून पडलं तरी तेवढ्या जागची साल एक-दोन दिवसांत लाकडासारखी कडक होते आणि आतली पाकळी तपकिरी पडते. बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे फोमची जाळी चढवलेली फळं, दोनपेक्षा जास्त थर नाहीत, पाच किलोची पुठ्ठ्याची पेटी, आणि शक्यतो उतरवून घ्यायला तुम्ही स्वतः. साठवणीला १३ अंश योग्य. १० अंशांखाली बरेच दिवस राहिलं तर थंडीनेही साल कडक होते. त्यामुळे रंबुतानच्या क्रेटमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली बर्फाची बाटली चालते, मँगोस्टीनला ती टेकवू नये.

शीतगृह लागत नाही. शीतपेयांचा जुना उभा फ्रिज घ्या, त्याला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडून १२-१३ अंशांवर लावा, आत साधा आर्द्रतामापक ठेवा. दोन्ही फळांचं त्यात भागतं. एसी खोलीत उघडे क्रेट मांडणं सोपं वाटतं, पण एसी हवा कोरडी करतो आणि रंबुतानचे केस संध्याकाळपर्यंत वाळवतो.

माल आला की वरच्या पेटीवर समाधान मानू नका. तळाच्या पेट्यांसकट वेगवेगळ्या पेट्यांतून दहा फळं काढा आणि कापा. मँगोस्टीनमध्ये अंगठ्याने दाबल्यावर साल किंचित दबली पाहिजे, टोपीची पानं हिरवी हवीत. दगडासारखं फळ बाजूला. कापल्यावर गर दुधासारखा पांढरा हवा. दोन दोष हमखास भेटतात. एक, पिवळा चीक: सालीतला चीक आत उतरला की पाकळीवर पिवळे ठिपके येतात आणि ती कडू लागते. (सालीवर बाहेरून पिवळा थेंब वाळलेला असेल तर तो नखाने निघतो, त्याचं काही नाही.) दुसरा, काचेसारखा अर्धपारदर्शक, करकरीत गर. हे दोन्ही दोष तोडणीच्या आधी जोराचा पाऊस झाला की वाढतात, म्हणून अतिवृष्टीच्या आठवड्यातला स्वस्त मँगोस्टीन स्वस्त नसतो. काचेसारखा गर न कापता ओळखायची युक्ती आहे: फळं पाण्यात सोडा. चांगलं फळ तरंगतं, पाणी भरलेलं बुडतं. तपासून झालं की टोपीखालचं पाणी कापडाने टिपून घ्या. दहात एक खराब निघालं तर तो या फळाचा धर्म समजा. तीन निघाली तर फोटो काढून लगेच फोन करा, संध्याकाळी नाही.

रंबुतानमध्ये केसांच्या बुडाशी बघा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण आहे, मुंग्याही मागोमाग येतात. ब्रशने निघतो, पण गिऱ्हाइकाच्या घरी निघाला तर तुमचं नाव जातं. चोच किंवा दात लागलेलं, फुटलेलं फळ सरळ फेका. कापून बाकीचं विकायचा मोह नको. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपा विषाणूचा उद्रेक झाला तेव्हापासून वटवाघळांनी उष्टावलेल्या फळांविषयी लोकांच्या मनात भीती आहे, आणि या बाबतीत ती रास्त आहे. निपाची बातमी आली की केरळच्या रंबुतानची मागणी एका दिवसात बसते. नोंदणीवर काम करणाऱ्याला तेव्हा एका खेपेचाच धक्का बसतो. जाळीखालचा माल घेतो, फुटलेला देत नाही, एवढं खरं सांगता आलं पाहिजे.

भावाचं गणित मांडून दाखवतो, आकडे नमुन्याचे आहेत. रंबुतान २० किलो, खरेदी २०० रुपये किलो म्हणजे ४०००. वाहतूक ६००, डबे-पिशव्या ४००, घरपोच ५००. एकूण ५५००. नवखा माणूस याला २० ने भागतो आणि किलोला २७५ पडतळ, म्हणजे पडलेली किंमत, धरतो. चूक इथेच होते. वजनातली घट आणि डागी माल मिळून १५ टक्के गेले, उरले १७ किलो. अर्धा किलो चवीसाठी वाटला. विकायला साडेसोळा. ५५०० भागिले साडेसोळा म्हणजे ३३३. विक्रीवर पंचवीस टक्के सुटायचे तर भाव ४४४, म्हणून अर्ध्या किलोचा डबा २२५ रुपये. ३३ डबे गेले तर ७४२५ येतात, हातात १९२५. आता हाच माल दोन दिवस उशिरा विकला आणि तूट ३० टक्के झाली असं धरा: साडेतेरा किलो, २७ डबे, ६०७५. उरले ५७५. खरेदीत किलोमागे दहा रुपये कमी करून घेण्यासाठी जी घासाघीस करता, त्यात २० किलोला २०० रुपये वाचतात. एका उशिराने तेराशे जातात.

म्हणून आठवड्याचा क्रम बांधा. मंगळवारी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो आणि भाव, बुधवारी संध्याकाळपर्यंत आगाऊ पैशांसह नोंदणी, गुरुवारी पहाटे तोडणी, शुक्रवारी पोच आणि निवड, शनिवारी वाटप. तूट भरून निघावी म्हणून नोंदणीच्या वर पंधरा-वीस टक्केच जास्तीचा माल. मँगोस्टीन डझनावर विकावासा वाटेल, आंब्याची सवय. पण किलोवर विका आणि किलोत साधारण दहा-बारा फळं बसतात हे आधी सांगा. सांगण्याजोगं आणखी एक: त्यातलं खाण्याजोगं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच असतं, बाकी साल. लपवलंत तर पहिल्याच डब्यानंतर ‘फसवलं’ म्हणतील. किलोमागे एक फळ वरून टाका. खराब निघालेल्या फळाचा फोटो येण्याआधीच त्याची भरपाई झालेली असते, आणि तीस मेसेज वाचतात.

डब्यात एक चिठ्ठी हवीच, कारण ही फळं कशी फोडायची हेच निम्म्या घरांत माहीत नसतं. मँगोस्टीन: सुरीने फक्त सालीवर, मध्यावर गोल चीर द्या आणि दोन्ही हातांनी पिळून टोपी उचला, सुरी आरपार घातली तर सालीचा तुरट रस गराला लागतो. बुडाशी फुलासारखी नक्षी असते, तिला जितक्या पाकळ्या तितक्याच आत. हे मुलांना आधी मोजायला लावा, विक्रीसाठी याहून चांगली जाहिरात नाही. जास्त पाकळ्यांचं फळ निवडावं, कारण बी बहुधा मोठ्या पाकळीतच असते, लहान पाकळ्या नुसता गर. सालीचा डाग कपड्यावरून जात नाही. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, मँगोस्टीन हा रातांब्याच्याच कुळातला, दोघंही गार्सिनिया, आणि आमसुलाचा डाग सर्वांच्या ओळखीचा आहे. रंबुतान: मध्यावर नखाने चीर देऊन साल फिरवा. बी खाऊ नका. लहान मुलांना बी काढून, गराचे तुकडे करूनच द्या, कारण निसरडं फळ अख्खं घशात जाऊन अडकू शकतं.

ड्रॅगन फ्रूटसाठी लांब जायची गरजच नाही. सांगली, सोलापूर, सातारा, पुणे या जिल्ह्यांत त्याच्या बागा आहेत, हंगाम जून ते नोव्हेंबर. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याचं नाव ‘कमलम’ केलं, पण बाजारात ड्रॅगनच चालतं. ‘पांचट लागतं’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते, आणि कारण एकच: भाव बरा म्हणून लवकर तोडलेलं फळ. फूल उमलल्यापासून महिनाभर झाडावर राहिलेलं द्या, असं बागायतदाराला सांगा आणि त्यासाठी दोन रुपये जास्त मोजा. लाल गराचं पांढऱ्यापेक्षा गोड लागतं. ते खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते हे चिठ्ठीत लिहा, नाहीतर रविवारी सकाळी घाबरलेला फोन येईल. खाताना गार करून लिंबू आणि काळं मीठ.

अॅव्होकॅडो कोडगू-वायनाडचा स्वस्त, मोठा आणि पाणचट. आयात केलेला ‘हास’ जातीचा लहान, काळसर आणि तुपट. कॉफी आणि टोस्टवाल्या घरांना हास, मिल्कशेकवाल्यांना कोडगूचा, असं सरळ सांगून विका. झाडावर तो मऊ होतच नाही. कडक घ्या, बाहेर ठेवा, पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवला तर दोन-तीन दिवसांत तयार होतो. कडक असताना फ्रिजमध्ये ठेवला की पुढे आतून काळा पडतो, नीट पिकत नाही. पिकल्यावर मात्र फ्रिजमध्ये आणखी तीन-चार दिवस.

लोंगान आयातीचा असेल तर साल दातांनी फोडू नका असं सांगा, ती टिकवण्यासाठी गंधकाची धुरी दिलेली असते. ड्युरियन सोसायटीत आणू नका. ज्याला तो आवडतो तो स्वतःच वाशीला जातो, आणि एका फळाच्या वासाने लिफ्टमध्ये जे घडतं त्याची किंमत तुमच्या यादीतली पन्नास घरं.

दोन इशारे. करमळ विकत असाल तर मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते मुळीच खाऊ नये, डायलिसिसवरच्या रुग्णांना त्याने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. हे आवर्जून लिहाच. आणि लक्ष्मणफळाबरोबर ‘कॅन्सर बरा होतो’ हे मेसेज फिरतात ते तुमच्या जाहिरातीत येऊ देऊ नका. तसा दावा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कोणी उपचार सोडून फळं खात बसलं तर ते पाप वेगळं.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकता येतो. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या, काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असू द्या. पिकवायला कार्बाइड बंद आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) चालतो.

श्रावणात आणि गणपतीत मागणी एकदम चढते. ‘उपासाला चालतं का’ हा प्रश्न प्रत्येक नव्या फळाला येतो. फळ आहे, चालतं, बाकी तुमच्या घरची रीत, एवढं उत्तर पुरे. त्या आठवड्यांत केरळचा भावही चढतो, ओणम तेव्हाच असतो. म्हणून गणपतीची नोंदणी दहा दिवस आधी घ्या आणि त्या खेपेत भर ड्रॅगनवर ठेवा, कारण तो इथलाच असल्याने सकाळी तोडलेला दुपारी पुण्यात आणता येतो.